स्विफ्टचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलायचे आहेत: काय लागेल, कुठे चुकतं?

सुकाणू

गाडी मारुती स्विफ्ट पेट्रोल, २०१४. पुढे डिस्क, मागे ड्रम. सावकाश चालवताना पुढच्या डाव्या चाकातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो. ब्रेकवर पाय ठेवला की तो बदलतो. चाक काढून पाहिलं: डावीकडे आतल्या पॅडवर जेमतेम २ मिमी लायनिंग (घासणारा थर) उरलंय, बाहेरच्यावर ५ मिमी. उजवीकडे दोन्ही पॅड ४ मिमीच्या आसपास आहेत.

हाताशी गाडीसोबतचा जॅक आणि एल-पाना, गोटी पान्यांचा सेट आणि एक सी-क्लॅम्प आहे. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळायचा) नाही. पार्किंग सपाट, काँक्रीटचं. टायर आणि इंजिन ऑइल बदलता येतं, ब्रेकला हात लावायची ही पहिलीच वेळ.

फक्त डावीकडचे पॅड बदलले तर चालतील का? कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइल बाहेर काढावं लागतं का, नंतर नळीतली एअर (हवा) काढावी लागते का? डिस्कच्या कडेला काठ आलाय, त्यासाठी डिस्क लेथवर लावायची का? आणि टॉर्क पान्याशिवाय हे काम करावं का?

गोटीपाना

पॅड डावे-उजवे जोडीनेच बदलायचे. एका बाजूला नवे आणि दुसरीकडे अर्धे झिजलेले ठेवले तर दोन्ही चाकांची पकड सारखी राहत नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. खोक्यात पॅड चारच येतात, त्यामुळे तसाही प्रश्न उरत नाही.

तुमचा आवाज म्हणजे पॅडवरच्या पत्र्याच्या जिभेचा. लायनिंग २ मिमीच्या आसपास आलं की ती जीभ डिस्कला घासायला लागते. नव्या पॅडवर साधारण १० मिमी लायनिंग असतं आणि ३ मिमीला बदलणं शहाणपणाचं. म्हणजे तुम्हाला थोडा उशीरच झालाय, आता घाटात जाऊ नका.

सामान: पॅडचा सेट चासी नंबर सांगून घ्या. नाव स्विफ्टच असलं तरी वर्ष आणि व्हेरिअंटप्रमाणे पॅडचा आकार बदलतो. पॅड ज्या लोखंडी कंसात बसतात त्यातल्या स्टीलच्या क्लिपा सेटमध्ये नसतील तर वेगळ्या मागा. शिवाय ब्रेक क्लीनरचा एक स्प्रे, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांसाठी सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली (टाकीच्या झाकणावर ऑइलचा दर्जा डॉट ३ लिहिलाय की डॉट ४ ते बघून), तारेचा ब्रश, हातभर जाड तार आणि दोन जॅक-स्टँड. स्टँडवर काटकसर नको. गाडीसोबतचा कात्रीवाला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. कॅलिपरचा अडकलेला बोल्ट सोडवताना गाडीला हिसके बसतात आणि तेव्हा तो जॅक कलंडतो.

हँडब्रेक ओढा (तुमच्या गाडीत तो मागच्या चाकांवर चालतो), पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग उचला. स्टँड लावला की काढलेलं चाक गाडीच्या पत्र्याखाली आडवं सरकवून ठेवा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे अडलं तर दुसरी बाजू नमुना म्हणून समोर असते.

स्टिअरिंग असं वळवा की कॅलिपरची मागची बाजू तुमच्याकडे येईल. तिथे वर-खाली दोन बोल्ट दिसतील, बहुतेक १२ किंवा १४ च्या डोक्याचे. फक्त खालचा काढला की कॅलिपर वरच्या पिनवर उचलता येतो, पण तुम्ही दोन्ही काढा. आतल्या पिनाही काढून साफ करता येतील. बोल्ट फिरवताना आतली पिनही सोबत फिरली तर तिच्या सपाट कडांना पातळ फिक्स पाना लावून धरा. सुटलेला कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधायचा, रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. नळीचे आतले थर फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पिस्टन ढकलण्याआधी बॉनेट उघडून टाकीतली पातळी बघा. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरतं, म्हणून पातळी हळूहळू उतरते. पिस्टनचा व्यास ५० मिमी धरला आणि दोन्ही पॅड मिळून १४ मिमी झिजले, तर एका चाकामागे सुमारे २७ मिली, दोन्ही चाकांचं ५५ मिली. पिस्टन मागे गेले की तेवढं ऑइल टाकीत परत येणार. मध्ये कोणी सर्व्हिसिंगमध्ये टॉप-अप केलं असेल तर ते वरून सांडेल आणि बॉनेटखालचा रंग सोलेल. तेव्हा पातळी मॅक्सजवळ असेल तर नव्या इंजेक्शन सिरिंजने थोडं काढून घ्या. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून वाहून जातं.

जुना पॅड पिस्टनच्या तोंडावर ठेवून त्यावर सी-क्लॅम्प लावा आणि सावकाश आवळा, पाव फेरा, थांबा, पाव फेरा. एक बाजू ढकलताना दुसरीकडचं कॅलिपर जागेवर बसवलेलं असू द्या, नाहीतर तिथला पिस्टन बाहेर सरकतो. पिस्टन सरळ आणि सारख्या जोराने आत गेला पाहिजे. झटके देत गेला, किंवा त्याभोवतीचं रबर फाटलेलं किंवा ओलं दिसलं, तर पॅडचं काम तिथेच थांबवा. आधी कॅलिपरचं सील किट.

खारावारा

आकडे नीट बघा: डावीकडे आत २, बाहेर ५. उजवीकडे ४-४. या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच आहे.

तुमचा कॅलिपर एका पिस्टनचा, सरकणारा आहे. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच्या उलट्या रेट्याने कॅलिपरचं पूर्ण शरीर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतं. पिना गंजल्या की शरीर सरकत नाही. मग आतला पॅड एकटाच काम करतो आणि ब्रेक सोडल्यावरही डिस्कला टेकून राहतो. अशा गाडीत नुसते नवे पॅड घातले तर काही हजार किलोमीटरमध्ये आतला पुन्हा संपतो, आणि दोष पॅडच्या कंपनीला जातो.

म्हणून दोन्ही पिना पूर्ण बाहेर काढायच्या. बाहेर काढताना वरची कुठली, खालची कुठली याचा फोटो घ्या. बऱ्याच कॅलिपरमध्ये एका पिनेवर रबराची बाही किंवा सपाट खाच असते, त्यांची अदलाबदल करायची नाही. जुनं ग्रीस ब्रेक क्लीनरने धुवा, पिनेचं भोक बाटली घासायच्या बारीक ब्रशने साफ करा आणि पिनेवर पातळ थर द्या. पातळच. भोक ग्रीसने ठासून भरलं की आतली हवा दबते आणि पिनेला बाहेर रेटत राहते. पिन आत ढकलून रबरी टोपीची कड क्षणभर उचला, हवा निघून जाईल.

ग्रीसबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो: बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. खनिज तेलाने हे रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. गॅरेजमध्ये डब्यातलं जे हाताला लागेल ते चोपडलेलं असतं, बऱ्याच जाम पिनांचं मूळ त्यातच आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात गाडी असेल तर पाऊस संपल्यावर दरवर्षी पिना काढून साफ कराव्यात, पॅड चांगले असले तरी.

चौथा गिअर

पिस्टन ढकलताना ब्लीडर निपल (कॅलिपरवरचं ऑइल-एअर सोडायचं छोटं तोंड) उघडून जुनं ऑइल नळीतून बाटलीत काढावं, असं माझं मत आहे. कॅलिपरमधलं ऑइल सगळ्यात जास्त तापलेलं, काळं आणि गाळाचं असतं. ते उलटं ढकललं तर मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा ऑइलचा पंप) आणि एबीएसच्या (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) व्हॉल्व्हकडे जातं. निपलवर पारदर्शक नळी घाला, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा, क्लॅम्प आवळायला लागल्यावर निपल उघडा आणि क्लॅम्प थांबायच्या आधी बंद करा.

गोटीपाना

तत्त्व मान्य, पण पहिल्याच वेळी करणाऱ्याने निपलला हात लावू नये असं मला वाटतं. २०१४ च्या गाडीत निपल गंजलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो तुटला तर कॅलिपरच उतरवावा लागतो. बंद करायला क्षणभर उशीर झाला तर एअर शिरते आणि मग एअर काढायचं वेगळं काम मागे लागतं. निपल न उघडता सावकाश ढकललं तर सिस्टिम कुठेच उघडत नाही, एअर शिरण्याचा प्रश्नच येत नाही. सुकाणू, तुमच्या त्या शंकेचं उत्तर हेच.

जुन्या ऑइलची काळजी मात्र खरी आहे. त्याला इलाज म्हणजे पूर्ण ऑइल बदलणं. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हा आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. वरंध किंवा आंबेनळी घाट उतरताना ऑइल उकळलं की नळीत वाफ तयार होते आणि पेडल सरळ खाली जातं. ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर पॅड बसवल्यानंतर, वेगळ्या दिवशी, दोन माणसांनी चारही चाकांतून बदलावं. अर्धवट उरलेली जुनी बाटली वापरू नका.

डिस्कबद्दल: कडेचा काठ म्हणजे पॅड पोचत नाही तो न झिजलेला भाग. नुसत्या काठासाठी लेथवर जायची गरज नाही. जाडी मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, गंज घासला की दिसते. व्हर्निअर थेट लावला तर जबडे काठावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड भासते. दोन्ही बाजूंना एकसारखे छोटे वायसर ठेवून मोजा आणि त्यांची जाडी वजा करा. माप किमानच्या जवळ आलं असेल, तडा दिसत असेल किंवा ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर दोन्ही डिस्क नव्या घ्या. नाहीतर ८० किंवा १०० नंबरच्या सँडपेपरने दोन्ही बाजू आडव्या-उभ्या घासून चकाकी घालवा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. रॉकेल किंवा पेट्रोलने नाही.

काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, स्वस्त पॅडमध्ये अजूनही ॲस्बेस्टॉस सापडू शकतं. क्लीनरने ओली करा, फडक्याने टिपा, तोंडाला मास्क लावा.

टॉर्क पान्याशिवाय करू नका असं सांगेन, भाड्याने किंवा ओळखीने मिळतो. कॅलिपरच्या पिनेचे बोल्ट बहुतेक छोट्या गाड्यांत २० ते ३५ न्यूटन-मीटरच्या आत असतात, नेमका आकडा तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. २० सेंमीच्या पान्यावर २५ न्यूटन-मीटर म्हणजे हाताने साडेबारा किलोचा जोर. नवशिका नेहमी याच्या दुप्पट लावतो आणि आटे जातात. चाकाच्या नटांना मारुतीच्या छोट्या गाड्यांत ८५ किंवा १०० असे आकडे दिलेले आढळतात. ३० सेंमीच्या पान्यावर सत्तर किलोचा माणूस उभा राहिला तर दोनशेच्या वर जातं. एल-पान्यावर पाय देऊन नट आवळायची सवय सोडाच.

सुकाणू

डावी बाजू खोलली. वरची पिन हाताने निघाली, खालची जरा फिरते पण बाहेर येत नाही. पिस्टन सारखा आत गेला, रबर कोरडं आहे. नवा पॅड कंसात घट्ट बसतोय, हातोडीने ठोकून बसवावा लागेल असं वाटतं. दोन्ही पॅडपैकी जीभवाला आत की बाहेर?

खारावारा

मग कारण सापडलं, खालची पिन. तिच्यावर गंज सोडवणारं स्प्रे-तेल मारा, पण आधी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा. पंधरा-वीस मिनिटं थांबून पिन फिरवत-फिरवत बाहेर ओढा. गॅसची ज्योत लावू नका, रबर जळतं. बाहेर आल्यावर तिच्यावर खड्डे पडलेले दिसले तर सँडपेपरने चकचकीत करून उपयोग नाही, पिन आणि रबरी टोप्यांचं किट घ्या. निघतच नसेल तर मागचे दोन मोठे बोल्ट, बहुतेक १७ चे, काढून कंसच टेबलावर घ्या. परत लावताना ते बोल्ट अंदाजाने आवळायचे नाहीत. ते ८० ते ११० न्यूटन-मीटरच्या घरातले असतात आणि ब्रेकचा सगळा ओढा त्यांच्यावर येतो.

पॅड ठोकायचा नाही. पॅडचे कान कंसात हाताने सरकले पाहिजेत, न खडखडता. घट्ट बसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे क्लिपेखाली साठलेला गंज, तो क्लिपेला वर उचलतो. क्लिपा काढा, कंसाची ती जागा तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासा, नव्या क्लिपा बसवा. तरीही घट्टच राहिला तर पॅडच्या कानावर रंगाचा जाड थर आहे का बघा, असला तर कानसीने तेवढाच काढा. धातू खाऊ नका.

जिभेचा पॅड बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला असतो, आणि ती जीभ वर की खाली हेही ठरलेलं असतं. तुमचे जुने पॅड कसे होते तसेच लावा, आणि ते आधी कोणी उलटे लावले नव्हते ना, हे उजवीकडे पाहून पडताळा.

कानांना आणि पॅडच्या पाठीवर, जिथे पिस्टन आणि कॅलिपरची बोटं टेकतात तिथे, उच्च तापमानाचं ब्रेक ग्रीस नखाएवढं. लायनिंगवर ग्रीसचा कण लागला तर क्लीनरने पुसून निभतं, पण लायनिंग तेलात भिजलं असेल तर तो पॅड गेलाच.

गोटीपाना

आता शेवटचा भाग, आणि इथली चूक सगळ्यात धोक्याची.

पिस्टन मागे ढकलल्यामुळे पॅड आणि डिस्कमध्ये मोठी फट आहे. या स्थितीत पहिल्यांदा पाय ठेवला तर पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दोन्ही बाजू जोडून झाल्यावर, इंजिन बंद असताना, पेडल सावकाश दाबत राहा. दहा-पंधरा वेळा दाबल्यावर ते टणक होईल. झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, गाडी खाली उतरवून ढकलायचीही नाही. मग टाकीतली पातळी मिन-मॅक्सच्या मध्ये आणा.

गिअर न्यूट्रलला आणा आणि चाक हाताने फिरवा. हलकी खसखस चालेल, अडखळणं नाही. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून रबरी नळी पीळ खातेय का, टायरला घासतेय का ते पाहा. नट चांदणीच्या क्रमाने, आधी हाताने, गाडी खाली आल्यावर टॉर्कने. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पहिली चाचणी पार्किंगमध्येच, १० च्या वेगाने. ती नीट झाली की रिकाम्या रस्त्यावर पॅड बसवून घ्या: ५०-६० वरून मध्यम जोराने १५ पर्यंत वेग आणायचा, थांबायचं नाही, अर्धा मिनिट चालवायचं, पुन्हा. असं आठ-दहा वेळा. नंतर ब्रेक न वापरता पाचेक मिनिटं चालवून थंड होऊ द्या. गरम असताना गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून धरलं तर त्या जागी लायनिंगचा थर डिस्कवर चिकटतो आणि पुढे थरथर लागते. पुढचे तीनेकशे किलोमीटर अगदीच गरज पडल्याशिवाय कचकन ब्रेक मारू नका.

चौथा गिअर

घरी परतल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक बाजू स्पष्ट जास्त गरम असेल तर तिथली पिन किंवा पिस्टन अजून अडकतोय. उजवीकडच्या पिनाही याच कामात काढून साफ करा, ४-४ मोजलं म्हणून सोडू नका.

बाकी लक्षणं: पेडल टणक होऊन पुन्हा मऊ पडलं तर एअर किंवा गळती, गाडी चालवू नका. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडर. नवे पॅड असताना हलक्या ब्रेकला किंचाळत असतील तर पाठीवरचा पत्रा किंवा ग्रीस राहिलंय. पुढे-मागे जाताना पहिल्या ब्रेकला टक् आवाज येत असेल तर क्लिप सुटलीय. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते तिच्या समोरची बाजू आधी खोला, बहुतेक वेळा तीच काम करत नसते.

आणि हा धागा वाचून दुसऱ्या गाडीवर काम करणाऱ्यांसाठी: मागेही डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर पिस्टन बऱ्याचदा क्लॅम्पने जात नाही, तो फिरवत आत न्यावा लागतो. त्याचं वेगळं हत्यार मिळतं. क्लॅम्प लावला तर आतली यंत्रणा मोडते. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो.